वर काय दिसतं

आमच्या घरात रिकामं चालणं कुणाला ठाऊकच नव्हतं. पायाला काम असेल तर माणूस चालायचा. शेताला, विहिरीला, बाजारादिवशी चिटगुप्प्याला, नाहीतर कुणी गेलं तर त्याच्या दाराला. नुसतं बघायला म्हणून उठायचं, चालत जायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं, असं कुणी म्हटलं असतं तर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं असतं. आणि आता ही माझी नात श्रावणी! बेंगळुरूहून सुट्टीला आली की पाठीला पिशवी अडकवते, पायांत ते भले थोरले बूट चढवते आणि एकटी डोंगराला निघते. मी कलबुर्गीच्या या घराच्या गॅलरीत उभी राहून तिला रिक्षात बसताना बघते. पाणी घेतलंस का, काकडी घेतलीस का, एवढं विचारून होतं, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की माझा हात आपोआप गळ्यातल्या लिंगावर जातो. सुनेला वाटतं, म्हातारी पोरीसाठी देवाचं नाव घेतेय. वाटू दे बापडीला.

लिंगाचं सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून तेवढं आधी सांगते. आम्ही लिंगायत. आमच्याकडं देव देवळात नसतो, गळ्यात असतो. लहानपणीच गुरू येऊन लेकराच्या तळहातावर लिंग देतात. सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. त्या दिवसापासून ते अंगावरून उतरत नाही. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं, आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब. दिवेलागणीला पुन्हा तेच. पूजा नाही तर जेवण नाही, पाणीसुद्धा नाही. ज्याचं लिंग हरवलं त्याला गुरूनं नवं देईपर्यंत उपाशी राहायचं. आणि एकाचं लिंग दुसऱ्यानं घ्यायचं नाही, द्यायचं तर त्याहून नाही. ते ज्याचं त्याचं. हे सगळं कुणी बसवून शिकवलं असं मला आठवत नाही. भाकरी कुठल्या हातानं खायची हे जसं कळलं, तसंच हेही कळलं.

घर गावाच्या कडेला, मातीच्या माळवदाचं. पहाटे जाग यायची ती अव्वाच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. अव्वा म्हणजे माझी आई. तिच्या थापटण्याला एक चाल होती, दोन हलक्या आणि एक जोरात, आणि त्यावरून अंथरुणातूनच कळायचं की आज बाई खुशीत आहे की कुणावर चिडली आहे. आतल्या खोलीतून अप्पांचं पूजेचं पुटपुटणं, गोठ्यातून थोरल्या अण्णाचं म्हशीशी चाललेलं बोलणं. अण्णा माणसांशी फार बोलायचा नाही, सगळं म्हशीला सांगायचा. भादव्यात उडीद-मूग घरी आलेला असायचा, अंगणभर शेंगा पसरलेल्या, आणि पायाखाली त्या कुरकुर वाजायच्या. चुलीवर पुंडीची भाजी रटरटायची. अंबाडीला आम्ही पुंडी म्हणतो. तिच्यात मुगाची डाळ, वरून लसणाची फोडणी, जोडीला कारळाची चटणी आणि पातळ कडक भाकरी. आज माझे दात गेले, सून भाकरी दुधात कुस्करून देते, पण त्या फोडणीचा वास आठवला की अजून तोंडाला पाणी सुटतं. भूक ही गोष्ट मला जन्माची चिकटलेली आहे. पुढं येईलच ते.

माळवदावर चढलं की पश्चिमेला सिद्धाचा गुड्डा दिसायचा. सह्याद्री बघितलेला माणूस त्याला डोंगर म्हणायचा नाही. लाल दगडाचा, वरून सपाट, कडेनं झाडी. पण आमच्या सगळ्या मुलखात तेवढंच काय ते वर उठलेलं. शेंगा वाळत घालताना, वाळवणं राखताना, केस सुकवताना मी त्याच्याकडंच बघत मोठी झाले. आणि त्या वर्षी माझी सोयरीक ठरली, अफजलपूरकडची. भीमेकाठचा ऊसपट्टा, नजर जाईल तिथवर सपाट. घर चांगलं, मुलगा चांगला, पण सासूबाईंची लिंगाची शिस्त कडक. त्यांचे गुरू तेच आमचे गुरू, भीमेकाठच्या मठातले स्वामी, आणि सोयरीकही स्वामींनीच जुळवलेली. दिवाळीनंतर लग्न. मला नवऱ्याची भीती नव्हती की सासूची. माझ्या मनात एकच यायचं, की आता तो गुड्डा रोज दिसणार नाही, आणि मी एकदाही त्याच्यावर गेलेले नाही.

एका सकाळी मी चुलीपुढं बसून अव्वाला सांगूनच टाकलं.

"अव्वा, मला एकदा गुड्ड्यावर जायचंय."

"कामून? तिथं कोण हाय?"

"कोणीच न्हाई."

"मग?"

"कोणीच न्हाई मनूनच."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं, आता उलथनं उचलते की काय. पण ती निखाऱ्याकडं बघत बसली. "संगं कोण यायलंय?" म्हणाली. एकटीच जाणार, म्हटलं. मग म्हणाली, "अप्पाला सांगते मावशीकडं गेली मनून. दिस बुडायच्या आत ये. आन् वर गेल्यावर पूजा करून खा गं, भूक लागली मनून तशीच बसशील." तिनंच भाकऱ्या बांधल्या, चटणीवर तेल घातलं, पाण्याचा तांब्या कापडानं बांधून दिला. मागच्या दारातून मला सोडताना तिचा चेहरा कसा होता, सांगू? पोरगी चोरून जत्रेला निघावी आणि तिची मैत्रीण राखणीला उभी राहावी, तसा. माझी अव्वा तेव्हा चाळिशीचीही नव्हती. आज माझी सूनच तिच्यापेक्षा थोरली आहे.

तो दिवस मला पुन्हा कुणी देणार नाही. पाऊस नुकताच उघडला होता आणि ऊन अजून धुतलेलं होतं. बांधावर तरवड पिवळा झालेला, कुर्डूचे गुलाबी तुरे कमरेएवढे. पायथ्याशी सागाला पांढरा मोहर आला होता, त्याचा बारीक चुरा वाटेवर पडला होता. वाट म्हणजे गुराख्यांची, कधी असायची, कधी गवतात बुडायची. कुसळं लुगड्याला अशी चिकटली की चालताना ओचा खरखर वाजायला लागला. मी आधी इकडं तिकडं बघत, कुणी बघतंय का याच्या धाकानं चढत होते. मग एका वळणावर लक्षात आलं, की इथं मला हाक मारणारं कुणीच नाही. गंगे, पाणी आण. गंगे, दार लाव. गंगे, पदर नीट घे. काही नाही! मी मुद्दाम पदर डोक्यावरून खाली टाकला आणि मोठ्यानं हसले. एक तित्तर घाबरून पायाखालून उडालं, आणि मी त्यालाही हसले. वेडी झाले होते, दुसरं काय.

वर गेले आणि बघतच राहिले. अर्धी जमीन काळी, अर्धी लाल, मध्ये उडदाची मोकळी झालेली रानं, तुरीचे हिरवे पट्टे. चिटगुप्प्याकडं जाणारा रस्ता आणि त्याच्यावर धूळ काढत चाललेली बस, आवाज नाही, नुसती धूळ. आणि आमचं गाव, एका ओंजळीत मावेल एवढं. मी आमचं माळवद शोधायला लागले. चिंच ओळखली, तिच्या शेजारचा गोठा ओळखला, आणि मग दिसलं. माळवदावर अव्वाचं हिरवं इरकली लुगडं वाळत घातलं होतं, आणि ते वाऱ्यानं हलत होतं. एवढ्या लांबून! मला इतका आनंद झाला की मी हात हलवला. लुगड्याला. मग वाटलं, अव्वा रोज तिथं उभी राहून इकडं बघते, आणि इथून ती दिसते हे तिला ठाऊकच नाही. संध्याकाळी गेल्या गेल्या तिला हे सांगायचं, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

कड्याच्या टोकाला एक रुंद सपाट दगड होता आणि मागं सीताफळीची झाडी, फळं डोळे उघडून तडकायला आलेली. भूक तर अशी लागली होती की विचारू नका. पण अव्वाचं बोलणं कानात होतं. मी तांब्यातल्या पाण्यानं हातपाय धुतले, गळ्यातल्या कापडातून लिंग काढलं, तळहातावर घेतलं, पूजा केली. घरी पूजा आतल्या खोलीत, समईच्या उजेडात. माझं लिंग मी असं भर उन्हात कधी बघितलंच नव्हतं. ते चकचकत होतं. आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी दगडावर कुर्डूचे तुरे पसरले आणि त्याच्यावर ते ठेवलं. अंगावरून उतरवायचं नाही हे ठाऊक असताना ठेवलं. त्यालाही सगळं दिसावं, असं काहीसं मनात आलं असावं. भाकरी सोडायला वळले, आणि तेवढ्यात सीताफळीतून वानरं आली.

पहिलं आलं ते थेट भाकरीवर. मी ओरडले, पदर झटकला, दुसरं माझ्या पाठीमागून दगडावर उडी मारून गेलं. फुलं उडाली. आणि मी ऐकलं. टक्, टक्, मग आणखी खालून एक बारीक टक्, मग काही नाही. दगडाला हात जाईल एवढी भेग होती, खाली अंधार. मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात घातला. काटकी घातली, ओच्याची दोरी करून सोडली. बोटांना नुसता गार वारा लागत होता. वानरं वर बसून माझी भाकरी खात होती. मी रडले, देवाला शिव्या दिल्या, मग त्याचीच माफी मागितली. ऊन उतरायला लागलं तरी मी त्या भेगेशीच होते. तांब्यात पाणी उरलं होतं, ते मी प्यायले नाही. सीताफळं हाताशी होती, एकालाही शिवले नाही. तेवढी शिस्त मात्र पाळली, आणि मग तशीच उतरायला लागले.

अव्वा गोठ्यात धार काढत बसली होती. मला बघून तिचं तोंड फुललं. "आलीस? जेवलीस का गं?" मी गळ्यातली कापडाची पुरचुंडी पुढं केली. तिनं चाचपली. चरवीतला धारेचा आवाज थांबला.

"कुठं?"

"वर. दगडाच्या भेगंत."

"कुणी बघितलं का?"

"न्हाई."

"पाणी पिलीस का?"

"न्हाई."

तिनं ओले हात लुगड्याला पुसले. एकदा घराकडं बघितलं. आत अप्पा समईला तेल घालत होते. मग तिनं आपल्या गळ्यातली चांदीची डबी काढली, माहेराहून आलेली, तिच्यातलं लिंग काढून डोळ्यांना लावलं, आणि माझ्या कापडात घालून गाठ मारली. मी मागं सरकले.

"अव्वा, हे काय करायलीस?"

"गप. इकडं ये."

"पाप लागंल अव्वा."

"लागू दे की. मला लागंल, तुला कामून लागंल?" तिनं दोरा माझ्या गळ्यात टाकला आणि पदर सारखा केला. "जा, तोंड धू आन् पूजेला बस. माझं विहिरीत पडलं. डबीचं झाकण सैल झालंय मनून कवाधरनं बोंबलायले मी, कोण ऐकलंय का?"

"मी सांगते अप्पाला. खरं सांगते."

"सांग!" ती एकदम कुजबुजतच कडाडली. "आन् मग स्वामीला कोण सांगंल? तुझ्या सासूला कोण सांगंल? मायबाईचं लिंग पडलं तर लोक मनतील, बिचारी. लगीन ठरलेली पोर एकटी डोंगरावर जाऊन लिंग टाकून आली, तर काय मनतील? सोयरीक तर जाईलच, तुझ्या बापाला मान वर करता यायची न्हाई. जा म्हणलं न्हवं?"

मी गेले. दुसरं काय केलं असतं, हे मी आयुष्यभर स्वतःला विचारत आले. मी गेले, तोंड धुतलं आणि अव्वाचं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले. ते माझ्या लिंगापेक्षा जरा लहान होतं आणि तिच्या अंगाची ऊब त्याला अजून होती. पाठीमागं विहिरीकडून अव्वाचा आक्रोश ऐकू आला. खरं सांगते, तो आक्रोश खोटा नव्हता. कारण खोटं होतं, तेवढंच.

आणि त्या संध्याकाळी मी जेवले. अव्वानंच वाढलं. अप्पा आणि अण्णा तोंडात घास घेऊन तसेच बसले होते, त्यांना गिळवेना. मला मात्र दिवसभराचा चढ-उतार अंगात होता. मी पहिला घास डोळे मिटून घेतला, मनात म्हटलं, उरलेलं ढकलून उठून जाऊ. पण पुंडीची भाजी होती, ताजी भाकरी होती. मी आणखी एक भाकरी मागून घेतली. अव्वा चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत होती, ओठ कोरडे, आणि म्हणत होती, "जेव, पोटभर जेव." लिंग दगडावर ठेवलं, ते पोरपण होतं, त्याचं मला आज फार काही वाटत नाही. पण ती भाकरी मला गोड लागली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

सकाळी अण्णा विहिरीत उतरला. भादव्याची विहीर, पाणी काठाशी आलेलं. तो बुडी मारायचा, गाळ मुठीत धरून वर यायचा, काठावर बसलेले अप्पा तो गाळ बोटांनी चाळायचे आणि मान हलवायचे. पुन्हा बुडी. गल्लीतली माणसं जमली, जो तो सांगायला लागला, डावीकडं बघ, पायरीखाली बघ. अण्णाचे डोळे लाल झाले, ओठ निळे पडले. मी दारात उभी होते आणि ज्याच्यासाठी तो बुडत होता ते माझ्याच छातीवर होतं. आक्का आक्का म्हणून बायका अव्वाला धीर देत होत्या, आणि ती अण्णाला ओरडत होती, "बस कर रे, बस झालं, गेलं ते गेलं." तो ऐकेना. बिचाऱ्याला वाटत होतं, आईची तहान त्या गाळात आहे.

दुपारच्या बसनं तोच स्वामींना आणायला अफजलपूरकडं गेला. स्वामी मठात नव्हते, सोलापूरला कुणाच्या तरी कार्याला गेले होते, म्हणून तो तिथून सोलापूरला गेला. हे आम्हाला नंतर कळलं. इथं आम्ही नुसते रस्त्याकडं डोळे लावून. गावातल्या अय्यांकडून, म्हणजे जंगमांकडून, नवं लिंग घ्यावं, असं कुणी तरी सुचवलं, पण अव्वाच नको म्हणाली, गुरूंच्याच हातचं पाहिजे. अप्पा शिस्तीचे, तेही काही बोलले नाहीत. ती घरात सगळी कामं करत राहिली. चुलीपुढं बसायची आणि घागरीकडं पाठ करायची. मग तिच्या हातातून एकदा परात पडली, आणि अप्पा अंघोळीला गेले. तिन्हीसांजेची पूजा अजून लांब होती. पण ते ओल्या धोतरानं आले, पूजेला बसले, आणि लिंगावरचं तीर्थ पळीनं अव्वाच्या तळव्यावर घालून म्हणाले, "तीर्थाला न्हाई कोण म्हणतंय? पी." तेव्हापासून ते सारखे पूजेला बसायला लागले. शेताला जाऊन आले की पूजा, जेवायच्या आधी पूजा, जेवणानंतर पूजा. तीर्थाची पळी जाऊन वाटी आली. उभ्या जन्मात जो बायकोशी चार शब्द गोड बोलला नव्हता तो माणूस देवाच्या नावाखाली तिला पाणी पाजत होता, आणि तिच्याकडं बघतही नव्हता.

मग मीही तेच करायला लागले. माझ्या पूजेचं तीर्थ वाटीत भरून गोठ्यात तिच्याकडं नेलं. तिनं वाटी तोंडाला लावली, मग माझ्याकडं बघून हसली. ओठ फुटले होते, हसताना रक्त आलं.

"माझंच मला पाजायलीस व्हय गं?"

मी तिच्या मांडीत तोंड खुपसून रडले. ती डोक्यावरून हात फिरवत होती. आत अप्पांची घंटा पुन्हा वाजायला लागली.

स्वामी आले ते घट बसायच्या आदल्या दिवशी. त्यांनी अव्वाला समोर बसवून नवं लिंग दिलं, डबीचं झाकण सोनाराकडून घट्ट करून घ्यायला सांगितलं. मी पाया पडले, तेव्हा माझ्या छातीवरच्या कापडाकडं त्यांची नजर गेली असं मला वाटलं. गेलीही असेल, नसेलही. चोराला सगळीकडं तेच दिसतं. "सासरी नाव काढ बाळ," एवढं म्हणाले. ते निघाल्यावर अव्वा ज्वारीची पेज प्यायली, हळूहळू, बोटानं चाटून. अप्पा आणि अण्णा स्वामींना पोचवायला वेशीपर्यंत गेले होते. घरात आम्ही दोघीच. तिला जरा तरतरी आली, ती भिंतीला टेकली आणि माझा हात धरून विचारलं,

"गंगे, वर काय दिसतंय गं?"

मला सांगता आलं असतं. सगळं तोंडाशी आलं होतं. बस, धूळ, तित्तर, सागाचा मोहर. तुझं लुगडं दिसतं अव्वा, हिरवं, हलताना दिसतं. पण समोर तिचे ते फुटलेले ओठ. त्या दिवशी मी किती सुखात होते हे कुठल्या तोंडानं सांगू? मला वाटलं, मी आनंदानं बोलायला लागले तर तिला वाटेल, हिला काहीच नाही त्याचं.

"काय न्हाई अव्वा," मी म्हणाले. "दगडं हायती नुसती."

तिनं माझा हात सोडला.

"असं व्हय," म्हणाली. "मला उगंच वाटायचं, कायतरी असंल मनून."

पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. माझं लग्न झालं, संसार झाला, बरा झाला, तक्रार नाही. माहेरी गेले की माळवदावर आम्ही दोघी वाळवणं घालायचो, गुड्डा समोर असायचा, पण ती आता तिकडं बघायची नाही. निदान मला तसं वाटायचं. किती वेळा मनात आलं, आता सांगावं, की मी खोटं बोलले, वर फार काही आहे, चल, तुला घेऊन जाते. आणि प्रत्येक वेळी, पुढच्या खेपेला, म्हणून ठेवलं. मग तिचे गुडघे गेले. मग तीच गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. तिच्या तळहातावर स्वामींनी दिलेलं ते नवंच ठेवलं गेलं. तिचं खरं माझ्या गळ्यात होतं, मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी बोलले असते तर अप्पांना त्या वयात ते ऐकावं लागलं असतं. असं मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे, आणि पुरेसं नाही.

परवा श्रावणी भल्या सकाळी निघाली. कुठं, विचारलं तर म्हणाली, गंमत आहे. दुपारी मी नुकतीच जेवून आडवी झाले होते, तर फोन.

"आजी, ओळख मी कुठंय? तुझ्या माहेरच्या गुड्ड्यावर! अगं, काय मस्त आहे इथं. तू कधी बोलली का नाहीस? थांब, व्हिडिओ लावते."

"नको," मी म्हटलं. "व्हिडिओ नको. तोंडानं सांग."

"तोंडानं? बरं. अगं, कसं सांगू…"

मी उठून बसले. कापडाची गाठ सोडली, लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि फोनचा आवाज मोठा करून तो त्याच्या शेजारी धरला. पोरगी सांगायला लागली. पिवळी फुलं आहेत आजी. माकडं आहेत, पण मी बॅग घट्ट धरलीय. रस्त्यावर एक बस चाललीय, इवलीशी. गाव दिसतंय, सगळ्या घरांवर काळ्या टाक्या. एक चिंच आहे मोठी. तिच्या शेजारच्या गच्चीवर कुणी तरी साड्या वाळत घातल्यात, वाऱ्यानं उडतायत बघ. मग ती थांबली.

"आजी? रडतेयस का? ऐकतेयस ना?"

"ऐकायलोत," मी म्हटलं. "ऐकायलोत आम्ही. तू सांग, काही सोडू नको."